चिठ्ठीची गोळी, चिठ्ठीविना

२००६ साली केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. दुखणं थांबावं म्हणून गुरांना हे औषध टोचलं जायचं, ती गुरं मेली की गिधाडं त्यांचं मांस खायची आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक अशी संपली. बंदीनंतरही माणसांसाठीच्या ३० मिलीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनसुद्धा ३ मिलीच्या, एकदाच वापरायच्या कुपीत विकायचा नियम आला. कंपन्या कोर्टात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नियम उचलून धरला. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही भावंडंही गोठ्यातून हद्दपार झाली.

हे सगळं चांगलंच झालं. माणसाचं मूत्रपिंड या औषधापुढे गिधाडाइतकं नाजूक नाही हेही खरं. तसं असतं तर निम्मा महाराष्ट्र आज डायलिसिसवर असता. पण औषध कुठून कुठे जातं, कुपी केवढी असावी, कोणाच्या हातात पडते याचा एवढा बारकाईने विचार सरकारने पक्ष्यांसाठी केला. त्याच औषधाची गोळी माणसाला कशी मिळते, याचा विचार मात्र एका ओळीवर थांबलेला आहे : डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

ही ओळ आता खोडावी आणि तिच्या जागी काहीतरी खरं लिहावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आधी कायदा. औषध नियमांच्या ‘शेड्यूल एच’ या यादीत डायक्लोफेनॅक, नायमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, किटोरोलॅक ही दुखण्यावरची सगळी मंडळी आहेत. पट्टीवर ‘आरएक्स’ छापलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरात इंग्रजीतून इशारा असतो. परदेशात ‘ओव्हर द काउंटर’ म्हणतात तसा स्वतंत्र वर्ग आपल्या कायद्याने नीट आखलेलाच नाही. जवळ जाणारं काही असेल तर ते ‘शेड्यूल के’ : हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर अशा मोजक्या वस्तू परवान्याशिवाय विकता येतात. ‘शेड्यूल एच’मधल्या गोळ्यांना मात्र कागदोपत्री डॉक्टर हवा.

आणि व्यवहार? तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहा. ‘कंबर लई धरलीय, कायतरी द्या.’ भिंतीवर फार्मासिस्टचं नोंदणीपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. फार्मासिस्ट असेलच असं नाही. काउंटरवरचा पोरगा ड्रॉवर ओढतो, पट्टी काढतो, कात्रीने दोन गोळ्या कापतो, कागदी पाकिटात टाकतो आणि पाकिटावर पेनाने दोन रेघा मारतो, एक सकाळची, एक संध्याकाळची. ‘मावशी, जेवून घ्या. पित्ताची देऊ का एक?’ मावशी बीपीची गोळी घेतात का, हे विचारायला ना त्याला वेळ आहे ना मावशींना. मागे पाच माणसं उभी आहेत आणि मावशींची एसटी सुटायची आहे.

त्या कात्रीकडे जरा बघा. पट्टीवर औषधाचं नाव, मुदत, किंमत जिथे छापलेली असते तो भाग बहुतेक वेळा दुकानातच राहतो. मावशींच्या हातात उरते एक चंदेरी चौकट, वर अर्धवट अक्षरं. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं, त्याचा फार गाजावाजा झाला. तो कोड सांगतो बॅच नंबर, कारखाना, परवाना क्रमांक, मुदत. बनावट माल ओळखायला त्याचा उपयोग आहेच. पण ‘किडनीचा त्रास असेल तर घेऊ नका’ एवढं सांगणं काही त्याच्याकडून अपेक्षित नाही. सविस्तर माहितीपत्रक असलंच तर ते मोठ्या खोक्यात, आणि खोकं दुकानदाराच्या फळीवर. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागा इशाऱ्याने व्यापलेली असते, चित्रासकट. दुखण्याच्या गोळीवर तेवढी नको, पण मराठीत चार ओळी?

त्या चार ओळी का नाहीत याचं उत्तर चिठ्ठीच्या ढोंगात आहे. डॉक्टर सांगतील असं कंपनी धरून चालते, डॉक्टरने सांगितलं असेल असं दुकानदार धरून चालतो आणि दुकानदार मागितल्याबरोबर देतोय म्हणजे साधीच गोळी असेल असं गिऱ्हाईक धरून चालतं. औषध अधिकृतपणे चिठ्ठीचं आहे, म्हणून घेणाऱ्याशी थेट बोलायची जबाबदारी कोणाचीच नाही. खुल्या विक्रीचे सगळे धोके आपण पत्करलेत आणि खुल्या विक्रीला जी माहिती जोडावी लागते तेवढी मात्र टाळली आहे.

धोका नेमका कसला, हे समजलं की माहितीची गरज का आहे ते कळतं. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिनसारखी औषधं असं करतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. सूज, ठणका, ताप या तिन्हींमागे ही रसायनं असतात, म्हणून गोळीने बरं वाटतं. पण हीच रसायनं जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात, आणि हीच मूत्रपिंडाकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी गरजेच्या वेळी रुंद ठेवतात. गोळीला ठणका वेगळा आणि अस्तर वेगळं असं कळत नाही.

‘गरजेच्या वेळी’ हे शब्द महत्त्वाचे. तरुण, धडधाकट, पोटभर पाणी प्यायलेल्या माणसाचं मूत्रपिंड या रसायनांवर फारसं विसंबून नसतं, म्हणून त्याने एखादी गोळी घेतली तर बहुधा काहीच होत नाही. अंगातलं पाणी कमी झालं, जुलाब-उलट्या झाल्या, वय वाढलं, हृदय किंवा यकृत थकलं, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायची भिस्त त्यांच्यावर येते. नेमका तेव्हाच गोळी तो आधार काढून घेते. ‘मी वर्षानुवर्षं घेतोय, मला कधी काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच खरं असूनही निरुपयोगी आहे. गोळी तीच असते, ज्या शरीरात ती पडते ते बदललेलं असतं.

ऊसतोडीचा फड घ्या. फेब्रुवारी-मार्चचं ऊन, पहाटेपासून कोयता, डोक्यावर मोळ्या. आडोसा नसतो म्हणून बाया पाणीच कमी पितात. अंग दुखणारच, आणि दुसऱ्या दिवशी उभं राहायचं तर गोळी लागणारच. खाडा झाला की उचलीतून पैसे कापले जातात. मूत्रपिंडाला ही रसायनं सर्वांत जास्त हवी असतात त्या अवस्थेतल्या माणसाला आपण ही गोळी विनाप्रश्न देतो. फडावरच्या बाईला ‘गोळी घेऊ नका’ असं शहरातून सांगणं फुकटचं आहे. ‘पाणी प्यायल्याशिवाय घेऊ नका, उलट्या-जुलाब होत असताना तर अजिबात नको, रोज तर नकोच, आणि त्याऐवजी आधी पॅरासिटामॉल घेऊन बघा’ हे सांगण्यासारखं आहे. पण ते सांगणार कोण, हाच तर प्रश्न आहे.

शहरी मध्यमवर्गाने मात्र फडाकडे बघून हळहळायचं कारण नाही. त्याची स्वतःची सोय त्याने केलेली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या घरात टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी असतेच, आणि पुष्कळदा तिच्याच पोटात लघवी वाढवणारं औषधही असतं. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून बाहेर पडणारी वाहिनी सैल करते, लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं, आणि गुडघा दुखला म्हणून घेतलेली पेनकिलर आत येणारी वाहिनी आवळते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो. या त्रिकुटाबद्दल डॉक्टर मंडळी विद्यार्थिदशेपासून शिकतात. त्यातली दोन औषधं एकाच गोळीत डॉक्टरने लिहून दिलेली असतात. तिसरं आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून फोनवर मागवतो. वर ही गोळी मीठ-पाणी अंगात साठवून बीपी वाढवते ते निराळंच. मग बीपी का आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, कारण गुडघ्याच्या गोळीबद्दल त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ते ‘औषध’ थोडंच आहे, ती तर गुडघ्याची गोळी!

पोटाबद्दल लोकांना थोडंफार माहीत असतं, पण ते अर्धवट. जेवून घेतली की झालं, ही समजूत घराघरात आहे. जेवणाने मळमळ कमी होईल, अल्सर टळत नाही. सुई घेतली म्हणजे पोटाला त्रास नाही, ही दुसरी. औषध रक्तातूनच अस्तराचं संरक्षण काढतं, त्यामुळे ते दंडातून गेलं की तोंडातून, याने जठराला फारसा फरक पडत नाही. तिसरी समजूत त्या ‘पित्ताच्या’ गोळीची. ती जठराला खरोखर सांभाळते, साठीपुढच्या माणसाला डॉक्टर मुद्दाम देतातही. पण मूत्रपिंड आणि हृदय तिच्या कक्षेत येत नाही. आणि अल्सरमधून रक्त जाण्याआधी पोट दुखेलच असं नाही. अनेकांना पहिली खूण दिसते ती थेट डांबरासारखी काळी शौच. घरात कोणी ही गोळी घेत असेल आणि असं झालं तर रात्र काढायची नाही, दवाखाना गाठायचा.

हृदयाचं थोडक्यात. रोफेकॉक्सिब नावाची, पोटाला सौम्य म्हणून गाजलेली गोळी हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कुळातल्या ॲस्पिरिनेतर औषधांवरचा इशारा आणखी कडक केला : धोका पहिल्या काही आठवड्यांतही संभवतो आणि डोस वाढेल तसा वाढतो. ज्यांना आधीच झटका येऊन गेलाय त्यांच्यासाठी ही गोळी काउंटरवरची नव्हेच. रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्याने तर आयब्युप्रोफेन परस्पर घेऊच नये. ते ॲस्पिरिनचं काम अडवू शकतं.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. ताप आला, अंग मोडून आलं, की तीच गोळी. डेंग्यू असेल तर आधीच प्लेटलेट घसरत असतात आणि ही औषधं रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. जुलैपासून दिवाळीपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, रक्ताचा रिपोर्ट हातात येईपर्यंत दुसरं काही नाही, एवढा एक नियम मेडिकलच्या काउंटरवर पाटी करून लावला तरी पुष्कळ काम होईल.

आता त्या गोळ्यांच्या नावांकडे वळू, कारण माझा खरा राग तिथे आहे. एका ब्रँडच्या मागे ‘पी’ लागला की त्यात पॅरासिटामॉल, ‘एसपी’ लागला की सेराशियोपेप्टिडेज, ‘एमआर’ म्हणजे स्नायू सैल करणारं काहीतरी. ही शेपटं वाचायची कशी हे गिऱ्हाईकाला कोणी शिकवलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने एक दिली, हाडाच्या डॉक्टरने दुसरी, डोकं दुखलं म्हणून तिसरी आपली आपण घेतली. तीन नावं, तीन रंग, आणि आत दोनदा तेच कूळ, तीनदा पॅरासिटामॉल. त्यातलं सेराशियोपेप्टिडेज तर असं, की जपानमध्ये ते विकसित करणाऱ्या कंपनीनेच उपयोग सिद्ध होत नाही म्हणून २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं. आपल्याकडे ते सुजेवर म्हणून अजून जोरात खपतं. सरकार अधूनमधून मिश्रणांवर झाडू फिरवतं : २०१६ मध्ये ३४४, २०१८ मध्ये ३२८, २०२४ मध्ये १५६. शेवटच्या यादीत ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमचं मिश्रणही होतं. मग कोर्टकचेऱ्या होतात, मिलिग्रॅम बदलून दुसरं मिश्रण फळीवर येतं. यादीमागे यादी काढण्यापेक्षा काउंटरवर चिठ्ठीविना काय मिळावं हे ठरवणं सोपं आहे, कारण ती यादी छोटी असेल.

छोटी म्हणजे किती? मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ औषधं चिठ्ठीविना विकू द्यायचा मसुदा काढला होता. त्यात पॅरासिटामॉल ५०० होतं आणि डायक्लोफेनॅक होतं ते फक्त लावायच्या मलमाच्या रूपात. पाच दिवसांपेक्षा जास्त पुरेल एवढं पाकीट नको, तेवढ्यात बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे जा, अशा अटीही होत्या. मला हा मसुदा त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. गुडघ्याला आणि हाताच्या सांध्यांना लावायचं जेल खरोखर काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं; गुडघ्याच्या संधिवातासाठी ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंही आधी जेलच सांगतात. मी त्यात एकच भर घालीन : आयब्युप्रोफेन, कमी मात्रेचं, एकटं, मिश्रण नसलेलं. दुखणं असह्य झालं आणि पॅरासिटामॉलने भागलं नाही तर माणूस काहीतरी घेणारच. त्याने नायमेसुलाइडकडे जाण्यापेक्षा ज्याची मर्यादा माहीत आहे अशा गोळीकडे जावं. नायमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे, यकृताच्या भीतीने कित्येक देशांनी ते ठेवलेलंच नाही, आणि आपल्याकडे ते अंगदुखीला फुटाण्यासारखं जातं. ते, किटोरोलॅक, आणि सगळी शेपटीवाली मिश्रणं यांना मात्र चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, आणि दुकानाच्या वहीत नोंद.

खुल्या गोळीचं पाकीट पूर्ण विकायचं, कात्री बंद. दहा गोळ्यांच्या आतलंच पाकीट काढा म्हणजे गरिबाला परवडेल. ब्रिटनमध्ये १९९८ पासून पॅरासिटामॉल साध्या दुकानात एका वेळी १६ गोळ्यांच्या पाकिटातच मिळतं. तिथे हेतू वेगळा होता, पण पाकिटाचा आकारही औषधाचं धोरण असू शकतो हे त्यावरून दिसतं. आणि आयब्युप्रोफेनच्या पाकिटावर मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात : मोठ्या माणसाने दिवसात ४०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांहून जास्त नाही. दुखण्याला पाच दिवस, तापाला तीन दिवस (जुलै ते दिवाळी तापाला नकोच), पुढे डॉक्टर. किडनीचा, हृदयाचा, अल्सरचा त्रास असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, अशा गोळीने पूर्वी दम लागला असेल, तर घेऊ नका. बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. गरोदर असाल तर नकोच. पाचव्या महिन्यानंतर तिने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी सोबत नको. संपलं. हा मजकूर बसायला आगपेटीएवढी जागा पुरते.

यावर डॉक्टर मित्र म्हणतात, तुम्ही खुलेपणाला कायद्याचा शिक्का दिलात तर लोक आणखी खातील. आत्ता जे दहा मिनिटांत घरपोच येतं ते आणखी किती खुलं होणार? काहींचा उपाय उलटा आहे : आहे तो कायदा कडक राबवा. तसा प्रयत्न या राज्यात झालेला आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, फार्मासिस्ट दुकानात हजर हवा, बिल हवं, चिठ्ठी हवी असा आग्रह धरून दुकानं तपासली गेली. विक्रेत्यांच्या संघटना आंदोलनावर उतरल्या, बंदची हाक आली. आयुक्त बदलले, दुकानं पुन्हा होती तशी. मला झगड्यांच्या आग्रहाबद्दल आदरच आहे, आणि त्यातला फार्मासिस्टचा मुद्दा आजही तंतोतंत लागू आहे. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे, त्यात तडजोड नको. पण दुखऱ्या कंबरेच्या प्रत्येक माणसाला चिठ्ठी आणायला लावणं म्हणजे डॉक्टरची फी, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. एवढं करून तो डॉक्टरकडे जाणार नाही. तो जाईल पुडीवाल्याकडे, जो तीन रंगांच्या गोळ्या कागदात बांधून देतो आणि त्यातली एक बहुधा स्टिरॉइड असते. किंवा ‘शुद्ध आयुर्वेदिक’ सांधेदुखीच्या चूर्णाकडे, ज्यात कधीकधी हीच औषधं कुटून घातलेली सापडतात.

विक्रेत्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते ऐकण्याजोगं आहे. ‘मी बीपीचं विचारत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.’ खरं आहे. म्हणूनच हे दुकानदाराच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही. तीन प्रश्न (कुठली गोळी रोज चालू आहे, किडनी-पोटाचं काही आहे का, ताप आहे का) सगळ्याच दुकानांना आणि घरपोच औषध देणाऱ्या ॲपनाही सारखेच बंधनकारक असावेत. ॲपला तर ते सर्वांत सोपं. ज्या माणसाने मागच्या आठवड्यात टेल्मिसार्टन मागवली त्याने आज डायक्लोफेनॅक मागवली, हे यंत्राला दिसतंच. सध्या त्या माहितीचा उपयोग ‘हेही घ्या’ म्हणून प्रोटीन पावडर दाखवायला होतो.